हिमबिबट्याचे हिवाळी छायाचित्रण

हिमालयाच्या पर्जन्यछायेतील थंड वाळवंटी प्रदेशात, मुख्यतः लडाखमध्ये आणि हिमाचल प्रदेशातील स्पीती खोऱ्यात, साधारण जानेवारी ते मार्च या काळात हिमबिबट्याचे मोकळ्या डोंगरात केले जाणारे छायाचित्रण. उन्हाळ्यात हा प्राणी उंच कड्यांत जातो आणि करड्या खडकात दिसेनासा होतो. हिवाळ्यात वरची कुरणे बर्फाखाली गेली, की भरल (निळी मेंढी) आणि आयबेक्स (रानबोकड) चाऱ्यासाठी खाली उतरतात व त्यांच्यामागोमाग हिमबिबट्याही गावांजवळच्या उतारांवर येतो. त्याचा माजाचा काळही हाच असल्याने नर व मादी खडकांवर मूत्राच्या खुणा करत फिरतात, एकमेकांना साद घालतात. त्यामुळे माग काढणे अशक्याऐवजी केवळ अवघड उरते.

वन्यजीवशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी डिसेंबर १९७० मध्ये पाकिस्तानातील चित्राल भागात एका मादीची घेतलेली छायाचित्रे ही मुक्त हिमबिबट्याच्या अगदी आरंभीच्या छायाचित्रांत गणली जातात. भारतात जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या गणनेत ७१८ हिमबिबट्यांचा अंदाज देण्यात आला असून त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये आहेत. त्या गणनेसाठी कॅमेरा सापळे, म्हणजे प्राणी समोर येताच आपोआप चित्र घेणारे कॅमेरे, वापरले गेले. प्रस्तुत नोंद मात्र कॅमेऱ्यामागे माणूस बसलेल्या छायाचित्रणाची आहे.

या कामात कॅमेऱ्याआधी दुर्बीण येते. लडाखच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानातील रुंबक किंवा स्पीतीतील किब्बर येथील स्थानिक वाटाडे पहाटेपासून तिकाटण्यावरच्या शक्तिशाली दुर्बिणीने समोरचा उतार इंच इंच न्याहाळत असतात, आणि बहुधा प्रथम दिसते ती कड्याच्या धारेवर हललेली जाडजूड शेपटी किंवा ताठ उभे राहून एकाच दिशेला पाहणारे भरल. उजनी जलाशयाच्या फुगवट्यावर, भिगवणला, एका सकाळच्या नावेत कार्ड भरून रोहित पक्षी टिपणाऱ्या छायाचित्रकाराला येथे चार दिवस एकही चित्र न घेता बसावे लागू शकते. किब्बर सुमारे ४,२०० मीटर उंचीवर असल्याने तेथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असतो. शरीराला उंचीची सवय होऊ न देता चढाईला लागणे धोक्याचे ठरते.

बर्फ कॅमेऱ्याला हमखास फसवतो. समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे प्रकाशमापक धरून चालतो, म्हणून बर्फाने भरलेली चौकट तो गरजेपेक्षा काळोखी करतो आणि पांढरा उतार राखेसारखा उमटतो. यासाठी एक्सपोजर (चित्रासाठी कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) एक ते दोन स्टॉपने वाढवतात; एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. तोच प्राणी उघड्या, काळपट कातळावर जाऊन बसला, की ही वाढ तत्काळ मागे घ्यावी लागते, नाहीतर त्याच्या फिकट अंगावरील ठिपक्यांचा तपशील धुऊन जातो. सावलीतील बर्फावर निळ्या आकाशाचा रंग चढतो. तो संगणकावर पूर्णपणे पुसून टाकणाऱ्यांची चित्रे बहुधा निर्जीव दिसतात.

थंडीत लिथियम बॅटरीची क्षमता झपाट्याने घटते, म्हणून जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवतात. गारठून बंद पडलेली बॅटरी ऊब मिळाल्यावर बरेचदा थोडी चालतेही. उच्छ्वासाची वाफ नेत्रभिंगावर गोठते. खरा घात मात्र संध्याकाळी, बुखारी (खोली तापवणारी शेगडी) पेटवलेल्या खोलीत शिरताना होतो, कारण तेथील दमट हवेतील बाष्प थंड भिंगावर आणि यंत्राच्या आतही साचते. यासाठी कॅमेरा बाहेरच हवाबंद पिशवीत घालून, पिशवीसकट आत आणून, खोलीच्या तापमानाला येईपर्यंत तसाच ठेवतात. दिवसभराची चित्रे लगेच पाहायची असतील, तर पिशवी दाबून बंद करण्यापूर्वीच मेमरी कार्ड काढून घेणे शहाणपणाचे.

प्राणी पुष्कळदा अर्धा किलोमीटर किंवा त्याहून दूर असतो. सहाशे मिलिमीटरच्या भिंगातूनही तो लहानच दिसतो, आणि ऊन तापल्यावर खडकांवरची हवा उन्हाळ्यातील डांबरी रस्त्यावरच्या हवेसारखी थरथरू लागली, की कितीही महागडे भिंग असले तरी चित्र विरघळल्यासारखे येते. म्हणून सकाळचा पहिला प्रकाश मोलाचा. अफाट उतारावर ठिपक्याएवढा हिमबिबट्या दाखवणारी चौकट ही अपयशाची खूण मानण्याचे कारण नाही. चेहऱ्याच्या निकटचित्रात त्याचा डोंगर हरवतो. मोठे जनावर मारल्यावर तो काही दिवस त्या शिकारीजवळ रेंगाळतो व जवळून चित्र मिळण्याची शक्यता तेव्हाच सर्वाधिक असते. परंतु माणसे पुढे सरकली तर तो शिकार सोडून निघून जाऊ शकतो, म्हणून जाणते वाटाडे पाहुण्यांना दरीच्या अलीकडच्या उतारावरच बसवून ठेवतात.