यान लुटमाचे व्यक्तिचित्र

डच चित्रकार रेम्ब्रांट (१६०६–६९) याने उत्तरायुष्यात केलेले मुद्राचित्र (धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेले चित्र). ॲम्स्टरडॅममधील नामांकित सोनार थोरला यान लुटमा (सु. १५८४–१६६९) याचे हे व्यक्तिचित्र असून त्यावर १६५६ हे वर्ष आहे. त्याच वर्षी रेम्ब्रांटचे दिवाळे निघाले आणि त्याच्या घरातील चित्रे, शिल्पे व चीजवस्तूंची यादी करण्यात आली. या ओढाताणीची सावली चित्रात शोधूनही सापडत नाही.

सत्तरी ओलांडलेला लुटमा सिंहमुखांनी सजवलेल्या खुर्चीत रेलून बसला आहे. डोक्यावर टोपी आणि एका हातात धातूची लहान आकृती आहे. शेजारच्या मेजावर हातोडी, नक्षीच्या छिन्न्या ठेवलेले भांडे आणि चांदीचे तबक दिसते. कानाच्या पाळीसारखी वळणे घेणाऱ्या नक्षीबद्दल लुटमा प्रसिद्ध होता आणि या तबकाची घडण त्याच शैलीची आहे. ॲम्स्टरडॅमच्या न्यूवे केर्क या चर्चमधील पितळी जाळीही त्याचीच. रेम्ब्रांटने या माणसाची थोरवी पोशाखातून दाखवली नाही, हत्यारे आणि हातांतून दाखवली. उत्तरकाळातील त्याच्या मुद्राचित्रांत मला हे सर्वांत जिव्हाळ्याचे वाटते.

तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा खोदून, नंतर काही भाग सुईने थेट कोरून हे चित्र तयार झाले. सुईने कोरताना रेषेच्या कडेला तांब्याची बारीक कोर उठते. ती शाई धरून ठेवते, म्हणून छपाईत मखमली काळोख उतरतो. छापयंत्राच्या दाबाखाली ही कोर लवकर झिजते. त्यामुळे सुरुवातीच्या प्रतींना संग्राहक फार जपतात.

पत्र्यात बदल करत छापलेल्या प्रत्येक टप्प्याला अवस्था म्हणतात. पहिल्या अवस्थेत लुटमामागे मोकळी भिंत आहे. पुढच्या अवस्थेत रेम्ब्रांटने तिथे खिडकी कोरली, सही व वर्ष घातले. खिडकीमुळे दालनाला खोलपणा आला. पण चेहऱ्यावरची शांतता पहिल्या अवस्थेत अधिक ठसते. पत्र्यावरील लॅटिन मजकुरात लुटमाचे जन्मस्थान ग्रोनिंगेन हे डच शहर सांगितले आहे. अभ्यासक मात्र जर्मनीतील एम्डेन मानतात.

लुटमाचा मुलगा धाकटा यान लुटमा हाही सोनार व उत्कीर्णक होता. १६८१ च्या सुमारास त्याने वडिलांचे स्वतंत्र मुद्राचित्र केले. त्यात आम्ल न वापरता, सोनाराच्या हातोडीने व छिन्नीने ठिपके ठोकून त्याने छटा उमटवल्या.