चिपनिर्मितीतील पिछाडी

सर्वांत सूक्ष्म सिलिकॉन चिप बनवण्याच्या धंद्यात आज प्रामुख्याने तीनच कंपन्या उरल्या आहेत : तैवानची टीएसएमसी, दक्षिण कोरियाची सॅमसंग आणि अमेरिकेची इंटेल. मागे पडलेल्यांचे घोडे पैशापाशी अडते, असा समज आहे. पैसा अफाट लागतोच. पण त्याहून अवघड असतो तो उतारा, म्हणजे एका वेफरमधून (ज्यावर चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या पातळ चकतीतून) निघणाऱ्या निर्दोष चिपचे प्रमाण.

३०० मिमी व्यासाच्या वेफरवर १ चौ. सेंमी.च्या सुमारे ६४० चिप बसतात. दर चौ. सेंमी.ला सरासरी ०.१ दोष असेल, तर त्यांतल्या ५८० च्या आसपास चालतात, ०.५ असेल, तर ३९०. वेफरचा खर्च तोच, म्हणून मागे असलेल्याची चिप जवळजवळ दीडपट महाग पडते. दोष कुठून येतात? धुळीचा कण, थरांची किंचित चुकलेली जुळणी, अपुरे कोरीवकाम. ते हुडकायला वेफर सतत चालवावे लागतात. वेफरला शेकडो टप्पे पार करायला तीनेक महिने लागतात, त्यामुळे एखादी दुरुस्ती लागू पडली का, हे अंतिम चाचणीत कळायलाही वेळ जातो. ज्याच्याकडे मागणी जास्त, तो लवकर शिकतो. ग्राहकही सहजी हलत नाही : कारखाना बदलायचा, तर चिपची मांडणी नव्या नियमांनुसार पुन्हा करावी लागते आणि मास्कचा (चिपचा आराखडा वेफरवर छापण्याच्या साच्यांचा) अख्खा संच नव्याने बनवावा लागतो.

यंत्रांचीही अडचण आहे. १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने चिप छापणारी यंत्रे नेदरलँड्सची एएसएमएल ही एकच कंपनी विकते. त्यांत सेकंदाला सुमारे ५०,००० कथिलाचे थेंब लेसरने फोडून तो प्रकाश निर्माण करतात. हवा आणि काच दोन्ही तो शोषून घेतात, म्हणून सारे निर्वातात, भिंगांऐवजी आरशांनी चालते. इंटेलने १० नॅनोमीटरच्या चिपसाठी (हा आकडा तरंगलांबी नव्हे, तंत्राच्या पिढीचे नाव; आकडा जितका लहान, तितके तंत्र नवे) जुन्याच १९३ नॅनोमीटरच्या प्रकाशाने एकेक थर अनेकदा छापून पाहिला. मोठे उत्पादन वर्षानुवर्षे रखडून २०१९ मध्ये सुरू झाले. एएसएमएलच्या या यंत्रांवरील निर्यातबंदीमुळे चीनच्या एसएमआयसी या चिप कंपनीलाही हाच मार्ग धरावा लागला. ग्लोबलफाउंड्रीज या अमेरिकी चिप कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये ७ नॅनोमीटरचे काम थांबवले. तो निर्णय शहाणपणाचाच म्हणायला हवा, कारण जुन्या तंत्राच्या चिपना मागणी टिकून आहे.

भारतात मोहालीच्या सरकारी कारखान्याची घडी १९८९ च्या आगीने विस्कटली. गुजरातेत धोलेरा येथे टाटा समूह तैवानच्या पीएसएमसीकडून तंत्रज्ञान घेऊन २८ नॅनोमीटर व त्याहून जुन्या तंत्राचा कारखाना उभारत आहे. या चिपना १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश लागत नाही. महिन्याला ५०,००० वेफर ही नियोजित क्षमता भरेल एवढी मागणी मिळाली, तरच तेथील उतारा झपाट्याने सुधारेल.