क्रॉप की टेलिकन्व्हर्टर: प्राणी नेमका कशाने मोठा होतो?

सफारीसाठी ६०० मिलिमीटरची लेन्स हाती आली तरी पल्ला कमीच वाटतो, आणि मग दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, क्रॉप सेन्सरची, म्हणजे लहान सेन्सरची, बॉडी (कॅमेरा) घे, ६०० चे ९०० होतील. दुसरा म्हणतो, लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारी जादा काच, म्हणजे १.४ चा टेलिकन्व्हर्टर लाव, ६०० चे ८४० होतील. आकडे शेजारी ठेवले की क्रॉप सरस दिसतो: पल्ला जास्त आणि प्रकाशही जात नाही. हिशेब इतका सरळ असता तर टेलिकन्व्हर्टर केव्हाच बाजारातून उठले असते. गोम अशी की हे दोन आकडे एका जातीचे नाहीत. ८४० ही खरी फोकल लेंथ (लेन्सचा मिलिमीटरमधला पल्ला) आहे. ९०० ही नुसती तुलना आहे: फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरवर) ९०० ची लेन्स जेवढं दृश्य दाखवेल तेवढंच इथे दिसेल, एवढाच तिचा अर्थ.

खांद्यापाशी एक मीटर उंच असलेला प्राणी ५० मीटरवर उभा आहे असं धरू. सेन्सरवर त्याची प्रतिमा किती उंच पडेल? फोकल लेंथ गुणिले प्राण्याची उंची, भागिले अंतर. म्हणजे ६०० × १ ÷ ५० = १२ मिलिमीटर. मागे फुल फ्रेम असो वा क्रॉप, प्रतिमा १२ मिलिमीटरचीच राहते, कारण ती लेन्स पाडते, सेन्सर नाही. फुल फ्रेमची उंची २४ मिलिमीटर, तिथे हा प्राणी अर्धी चौकट व्यापतो. निकॉन, सोनी आणि फुजीच्या क्रॉप सेन्सरची उंची साधारण १५.६ मिलिमीटर, तिथे तो तीन चतुर्थांशाहून थोडी जास्त चौकट भरतो. कॅननचा क्रॉप आणखी जरा लहान असतो, म्हणून त्यांचा गुणक १.५ ऐवजी १.६ येतो. प्राणी वाढलेला नाही, भोवतालची झाडी तेवढी कापली गेली आहे.

टेलिकन्व्हर्टर मात्र प्रतिमाच ताणतो. १२ मिलिमीटरची १६.८ मिलिमीटर होते. याचा फायदा किती, हे पिक्सेल मोजल्याशिवाय कळत नाही.

२४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर उंचीत ४००० पिक्सेल असतात, म्हणजे दर मिलिमीटरला सुमारे १६७. आपल्या प्राण्याच्या वाट्याला २००० पिक्सेल येतात, टेलिकन्व्हर्टर लावल्यावर २८००. तेच ४००० पिक्सेल क्रॉप सेन्सरच्या १५.६ मिलिमीटरमध्ये बसवले की दर मिलिमीटरला २५६ होतात, आणि टेलिकन्व्हर्टर न लावताही प्राण्याला सुमारे ३०७५ पिक्सेल मिळतात. इथे क्रॉप बॉडी खरंच पुढे आहे, पण ते तिच्या सेन्सरच्या लहान आकारामुळे नव्हे, दाट पिक्सेलमुळे. ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर हाच प्राणी २७५० पिक्सेलच्या आसपास भरतो, म्हणजे क्रॉपच्या फार मागे नाही. निकॉनची जुनी क्रॉप बॉडी डी ५०० आणि फुल फ्रेम झेड ८ यांची पिक्सेलची घनता जवळपास सारखी आहे. लांबच्या प्राण्याचा तपशील दोन्हींत तितकाच येतो. म्हणून ‘क्रॉप घेऊ का’ यापेक्षा ‘माझ्या बॉडीत मिलिमीटरला किती पिक्सेल आहेत’ हा प्रश्न जास्त कामाचा. सेन्सरची उंची आणि उभ्या पिक्सेलची संख्या दोन्ही माहितीपत्रकात असतात. एक भागाकार केला की झालं.

फुल फ्रेम बॉडीतला क्रॉप मोड सेन्सरचा मधलाच भाग वापरतो, म्हणजे हेच कापणं, फक्त फोटो काढण्याआधी केलेलं. ४५ मेगापिक्सेलचे १७ ते २० उरतात, ६१ चे २६, आणि २४ चे जेमतेम १०. घरी संगणकावर कापलं काय आणि कॅमेऱ्यात कापलं काय, प्राण्याचे पिक्सेल तेवढेच. मग मोड वापरायचा कशाला? कारणं दोन. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) व्ह्यूफाइंडरभर तेवढाच भाग मोठा दिसतो, त्यामुळे डोळ्यावर फोकस बसलाय की कानावर हे आधीच कळतं. शिवाय फाइल लहान झाल्याने बफर (फोटो कार्डावर जाईपर्यंत धरून ठेवणारी कॅमेऱ्याची मेमरी) उशिरा भरतो. डीएसएलआरमध्ये पहिला फायदा मिळत नाही, तिथे आरशातून तेच जुनं दृश्य दिसतं आणि त्यावर चौकटीची रेघ येते.

आता प्रकाश. सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. १.४ चा टेलिकन्व्हर्टर एक स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश खातो, २ चा दोन स्टॉप. एफ हा लेन्सच्या छिद्राचा, म्हणजे ॲपर्चरचा आकडा; तो वाढला की प्रकाश कमी. एफ ४ चं एफ ५.६ होतं, एफ ६.३ चं एफ ९. २ चा लावला तर एफ ६.३ थेट एफ १३ च्या घरात जातं. पहाटेच्या प्रकाशात १/१००० सेकंदाला आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० पुरत होता, तिथे आता ३२०० लागतो. आकडा दुप्पट झाला की नॉईजही (फोटोतले खरखरीत कण) दुप्पट होणार असं वाटतं आणि माणूस टेलिकन्व्हर्टर काढून ठेवतो. पण लेन्सची पुढची काच बदललेली नाही, अंतर तेच आहे, शटर तेच आहे. प्राण्याकडून लेन्समध्ये येणारा एकूण प्रकाशही मग जवळपास तेवढाच. टेलिकन्व्हर्टर तो दुप्पट क्षेत्रावर पसरवतो. टेलिकन्व्हर्टर न लावता १६०० ला काढलेला फोटो कापून तितकाच मोठा केला तर नॉईजही जवळपास तितकाच दिसतो, कारण कापताना तोही मोठा झाला. पार्श्वभूमीच्या धूसरपणाचंही तसंच: त्याच जागेवरून, त्याच लेन्सने, पूर्ण उघड्या ॲपर्चरवर काढलेले दोन्ही फोटो सारख्या आकाराला आणले की मागची झाडी सारखीच विरघळलेली दिसते. ‘क्रॉपमध्ये एफ ४ कायम राहतो’ हे एक्स्पोजरपुरतं खरं आहे. प्राण्याला मिळणाऱ्या प्रकाशात क्रॉप कुठलीही भर घालत नाही.

याचीच दुसरी बाजू फुल फ्रेमवाल्यांनी लक्षात ठेवावी. फुल फ्रेमचा कमी नॉईज प्राणी चौकट भरतो तेव्हाच हाती लागतो. लांबच्या प्राण्यासाठी निम्म्याहून जास्त सेन्सर कापूनच टाकायचा असेल, तर त्या मोठ्या सेन्सरचं ओझं फुकट वाहिलं.

मग टेलिकन्व्हर्टर तोट्यात जातो तो कुठे? काचेत आणि ऑटोफोकसमध्ये. तो लेन्सच्या प्रतिमेबरोबर तिचे दोषही मोठे करतो. एफ २.८ किंवा एफ ४ ची फिक्स्ड (झूम नसलेली) लेन्स हे सहज पचवते. एफ ६.३ वर संपणारी झूम शेवटच्या टोकाला आधीच थोडी मवाळ असते. तिला ताणलं की पिक्सेल वाढतात, पिसांचा तपशील वाढत नाही. त्यात बॉडीचे पिक्सेल आधीच दाट असतील, तर एफ ९ ला डिफ्रॅक्शनही (लहान छिद्रातून प्रकाश पसरल्याने येणारा मऊपणा) आडवं येतं. अशा जोडीत टेलिकन्व्हर्टर घरी ठेवून कापलेला फोटोच बरा. ऑटोफोकसचं म्हणाल तर जुन्या डीएसएलआर एफ ५.६ पर्यंतच फोकस करतात, नंतरच्या बऱ्याच बॉडी एफ ८ पर्यंत, तेही थोड्याच बिंदूंवर. मिररलेस एफ ११ लाही फोकस करते, पण अंधुक प्रकाशात शोधाशोध वाढते. कापण्याने फोकसच्या वेगाला धक्का लागत नाही.

गाडीत बसल्यावर मात्र खरा निकाल लागतो तो वेळेवर. ५० मीटरवर ६०० ची फुल फ्रेम ३ मीटर रुंद दृश्य दाखवते, क्रॉप बॉडी सुमारे २ मीटर, आणि ८४० तर २.१ मीटर. शोधायला दोन्ही सारखीच अवघड आणि हात हलण्याचा धोकाही सारखाच, म्हणून दोन्हींत शटर १/१००० च्या खाली नेऊ नये. प्राणी धावत असेल तर १/२००० हवं. आता तोच प्राणी वाटेने चालत १५ मीटरवर आला. ८४० मध्ये दृश्याची रुंदी उरते जेमतेम ६४ सेंटिमीटर: फक्त चेहरा, तोही कान कापलेला. क्रॉप मोड असेल तर एक बटण दाबलं की मोकळी चौकट परत मिळते. टेलिकन्व्हर्टर काढायला लेन्स उघडावी लागते, आणि प्राणी तेवढा वेळ देत नाही. सफारीत झूम घेण्याचं कारणच हे, त्यामुळे झूमच्या मागे कायमचा टेलिकन्व्हर्टर लावून बसणं हा उफराटा कारभार. कॅननच्या आरएफ १००-५०० ला तर १.४ चा लावला की झूम ३०० च्या अलीकडे येतच नाही. हातात राहते ४२० ते ७००. निकॉनच्या झेड मालिकेतल्या ४०० एफ २.८ आणि ६०० एफ ४ मध्ये टेलिकन्व्हर्टर आतच बसवलेला आहे, एका खटक्यात आत-बाहेर होतो. ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी हा वादच संपतो.

(टेलिकन्व्हर्टरचा एक गुण क्रॉपवाल्यांच्या वाट्याला येत नाही: लेन्सचं किमान फोकस अंतर तेच राहतं, प्रतिमा मात्र १.४ पट होते. फुलपाखरं आणि सरड्यांसाठी हे सोनं आहे.)

उघड्या गाडीत टेलिकन्व्हर्टर लावायचाच असेल तर क्रम पाळावा. इंजिन बंद, मागची धूळ खाली बसेपर्यंत थांबायचं, कॅमेरा बंद. बंद केल्यावर सेन्सरपुढे पडदा पाडण्याची सोय बॉडीत असेल तर ती आधीच चालू करून ठेवावी. लेन्स मांडीवरच्या कापडावर, बॉडीचं तोंड खाली. टेलिकन्व्हर्टर आधी बॉडीला लावायचा म्हणजे सेन्सर लगेच झाकला जातो, आणि मग ती जोडी लेन्सला. टेलिकन्व्हर्टरची पुढची काच लेन्सच्या पोटात शिरते, म्हणून अडलं तर जोर करू नये: ती लेन्स त्या टेलिकन्व्हर्टरसाठी बनलेलीच नसेल, आणि काचेवर काच घासली तर दोन्ही जातात. चालू केल्यावर सर्वात उघडं ॲपर्चर एफ ४ चं एफ ५.६ दिसतंय का पाहावं. कंपनीचाच टेलिकन्व्हर्टर असून आकडा बदलला नसेल तर तो नीट फिरून बसलेला नाही किंवा धातूचे संपर्कबिंदू मळले आहेत.

दुपारच्या तापलेल्या मैदानात २०० मीटरवरच्या कळपासाठी हा सगळा खटाटोप करू नये. गरम हवेच्या लाटा प्रतिमा आधीच मोडतात, आणि मोडलेली प्रतिमा कशानेही मोठी केली तरी मोडलेलीच येते.

कोणती जोडी न्यायची हे निघण्याआधी एका सकाळी ठरवता येतं. ट्रायपॉड लावून ३० मीटरवरचं झाडाचं खोड आणि त्यावर चिकटवलेला छापील कागद घ्या. टेलिकन्व्हर्टरशिवाय दहा फोटो आणि त्यासह दहा, दोन्ही वेळा ॲपर्चर पूर्ण उघडं, प्रत्येक फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा बसवलेला. पहिल्या दहांतला सर्वात तीक्ष्ण फोटो १४० टक्के मोठा करून दुसऱ्या दहांतल्या सर्वात तीक्ष्णाशेजारी ठेवा. कागदावरची बारीक अक्षरं टेलिकन्व्हर्टरच्या फोटोत जास्त वाचता आली आणि दहापैकी किमान आठ वेळा फोकस बसला, तर तो बॅगेत जातो. अक्षरं दोन्हीकडे सारखीच दिसली तर तो घरीच राहतो, आणि क्रॉप मोडचं बटण अंगठ्याखाली नेमून ठेवायचं.