क्रेझी क्विल्ट शिवायचीय? आधी धाग्याचा स्वभाव बघा

आपल्याकडं वाकळ शिवायची म्हणजे घरातली जुनेरं काढायची, आणि ती बहुतेक सुतीच असायची, कित्येकदा धुऊन मऊ पडलेली. त्यामागं पक्कं विज्ञान आहे. मागावर धागा ताणून विणलेला असतो, पहिल्या काही धुण्यांत तो ताण सुटतो आणि कापड आटतं, जास्तीचा रंगही तेव्हाच निघून जातो. जुनेराचं हे सगळं आधीच होऊन गेलेलं असतं, म्हणून वाकळ धुतली तरी कुठं आवळत नाही की रंग लागत नाही.

क्रेझी क्विल्टमध्ये, म्हणजे ठिगळांच्या परदेशी धाटणीच्या गोधडीत, नेमकं उलटं आहे. वेडेवाकडे तुकडे, त्यात इरकलीच्या पदराचं रेशीम, गुळेदगुड्डच्या खणाची कात्रण, लग्नातल्या ब्लाऊजचं साटीन, मखमल, आणि वरून भरतकाम, मणी, टिकल्या. दिसतं भारी, पण प्रत्येक तुकडा पाण्याला, उन्हाला आणि ओढीला वेगळा वागतो. म्हणून माझं म्हणणं असं की रंग शेवटी जुळवा, आधी धागा कशाचा आहे ते ओळखा.

ही फॅशन अमेरिकेत 1876 च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनानंतर जोरात आली, तिथं जपानी वस्तू बघून लोकांना असल्या ओबडधोबड नक्षीचं वेड लागलं असं मानतात. त्या काळच्या क्विल्ट आज बघितल्या तर रेशमाच्याच तुकड्यांना उभ्या चिरा गेलेल्या दिसतात. कारण असं, कच्च्या रेशमावर सेरिसिन नावाचा डिंकासारखा थर असतो, तो काढला की वजन साधारण पाव भागानं कमी होतं, आणि रेशीम विकलं जायचं वजनावर. मग घट भरून काढायला कापड कथील नाहीतर लोखंडाच्या क्षारांत बुडवायचे. कापड जड व्हायचं, छान सळसळायचं, पण तेच क्षार प्रकाश आणि हवेबरोबर मिळून रेशमाची प्रथिनं तोडत राहायचे. त्यामुळं जुना रेशमी तुकडा घेताना घडीची जागा उजेडासमोर धरून बघाच, दोन्ही अंगठ्यांनी हलकं ताणा, बारीक चीर दिसली तर तो तुकडा कितीही सुंदर असला तरी बाजूला ठेवा.

दुकानदार सिल्क म्हणाला म्हणून ते सिल्क नसतं. कडेचा एक धागा उपसा, चिमट्यात धरा, खाली पाण्याची ताटली ठेवा आणि पेटवा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि हलकी राखाडी राख राहते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, काळी राख बोटात चुरते. पॉलिस्टर ज्योतीपासून आकसतं, वितळतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. व्हिस्कोस (रेयॉन) मात्र सुतासारखंच जळतं, इथं बरेच जण फसतात, तर त्याचा धागा ओला करून ओढायचा, पट्कन तुटला तर व्हिस्कोस. ओलं झालं की सुताची ताकद थोडी वाढते आणि व्हिस्कोसची जवळपास निम्मी होते, कारण त्यातल्या सेल्युलोजच्या साखळ्या आखूड असतात आणि पाणी शिरलं की एकमेकांवरून सरकतात. म्हणजे धुवायच्या क्विल्टमध्ये व्हिस्कोस नकोच. पॉलिस्टर पाणी जवळपास पीतच नाही, त्याच्या शेजारचं सूत मात्र वजनाच्या आठेक टक्के ओलावा हवेतूनच धरून असतं, त्यामुळं हवा बदलली की एक हलतं आणि दुसरं नाही, अशा दोघांमधल्या शिवणीवर सुरकुती येते.

गडद लाल, मरून, काळा तुकडा असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून ठेवा, डाग उतरला तर तो अजून रंग सोडतोय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खालचं मांजरपाट. वेड्यावाकड्या तुकड्याची एखादी कड हमखास उरेब, म्हणजे धाग्याला तिरपी, येते, आणि उरेबात कापड ताणतं कारण तिथं ओढ धाग्यावर नाही, धाग्यांच्या मधल्या जाळीवर पडते. मांजरपाट धुऊन, आटवून, इस्त्री करून घ्यायचं आणि प्रत्येक ठिगळ त्यावर बसवायचं, मग ओढ मांजरपाट घेतं. हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या) बायका कवंदी, म्हणजे त्यांची ठिगळांची गोधडी, कडेपासून सुरू करून धावदोऱ्यानं आत मध्यापर्यंत येतात, तिथंही सगळे थर त्या दाट धावदोऱ्यानंच एकजीव होतात. मला तर हे काम कुठल्याही व्हिक्टोरियन क्विल्टपेक्षा जास्त आवडतं.

सजावटीचं बघू. कसुती हे कर्नाटकातलं भरतकाम धागे मोजून घालतात, त्यातला गवंती टाका तर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, म्हणून कसुती इरकलीच्या साध्या अंगावर छान बसते, साटीनवर धागे मोजताच येत नाहीत. मणी, आरसे, कवड्या शक्यतो शिवणीवर लावा, तिथं थर जास्त असतात, आणि टाका मांजरपाटातून गेलाच पाहिजे, नाहीतर वजनानं वरचं रेशीम फाटतं. खऱ्या जरीतली चांदी हवेतल्या गंधकानं काळी पडते, प्लॅस्टिकची जरी काळी पडत नाही पण गरम इस्त्रीनं आकसते. आणि रंग पक्का व्हायला म्हणून पाण्यात व्हिनेगर घालतात ना, सुती कापडाचा सुटणारा रंग त्यानं थांबत नाही, कवडी मात्र कॅल्शियम कार्बोनेटची, ती आम्लात झिजते आणि तिची झिलई जाते.

खानापूरकडच्या पावसात क्विल्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, ओलावा आत कोंडतो आणि बुरशी धरते. खळ घातलेली तर अजिबात ठेवू नका, कसर त्या खळीसाठीच येते. जुन्या सुती चादरीत गुंडाळा, आणि घडी घालावीच लागली तर दर खेपेला वेगळ्या जागी.