कण चमकतो खरा, पण लघवीवाटे बाहेर पडतो का?

२०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मौंगी बावेंडी, लुई ब्रूस आणि अलेक्सी येकिमोव यांना क्वांटम डॉटसाठी, म्हणजे काही नॅनोमीटर (मीटरचा अब्जावा भाग) मापाच्या, प्रकाश पडला की चमकणाऱ्या स्फटिककणांसाठी, मिळाले. त्या बातम्यांमध्ये टीव्हीच्या पडद्यांबरोबर हमखास आणखी एक ओळ असायची: कॅन्सरची गाठ काढताना सर्जनला हे चमकणारे कण वाट दाखवतात. ती वाचून एका परिचितांनी मला विचारले, “हे इंजेक्शन आपल्याकडे कुठे मिळते हो?” कुठेच मिळत नाही. कॅडमियम या विषारी धातूच्या क्वांटम डॉटला माणसाच्या शरीरात टोचण्याची परवानगी अमेरिकेच्या एफडीएनेही (तिथली औषध नियामक संस्था) दिलेली नाही. आज ऑपरेशन थिएटरात जे चमकते ते बहुधा इंडोसायनिन ग्रीन असते. हे १९५० च्या दशकापासून वापरात असलेले साधे रंगद्रव्य, त्यात नॅनो काही नाही.

मग नोबेल मिळालेला कण दाराबाहेरच का अडला? कारण त्याचे आकारमान. ज्या गुणामुळे तो इतका देखणा ठरला, तोच शरीरात आडवा येतो.

आधी चमकण्याबद्दल थोडेसे. जास्त ऊर्जेचा प्रकाश शोषायचा आणि कमी ऊर्जेचा प्रकाश बाहेर टाकायचा, याला फ्लुओरेसन्स म्हणतात. बँकेतला कॅशियर नोट अतिनील दिव्याखाली धरतो तेव्हा तिच्यातले तंतू असेच उजळतात. नोटाबंदीनंतर दोन हजारांच्या नोटेत ‘नॅनो जीपीएस चिप’ असल्याची अफवा ज्यांनी पुढे ढकलली, त्यांनी नोट एकदा त्या दिव्याखाली धरली असती तर बरे झाले असते. चिपला वीज कोण पुरवणार, एवढा प्रश्नही कुणाला पडला नाही. ‘नॅनो’ म्हटले की आपण प्रश्न विचारणे सोडून देतो.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. कॅडमियम सेलेनाइडचा मोठा स्फटिक घेतला तर त्याच्यातला इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्ट्यात उडी मारायला साधारण १.७४ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा मागतो. खाली परतताना तो ही ऊर्जा गडद लाल प्रकाशाच्या रूपाने सोडतो. याच पदार्थाचा २ नॅनोमीटरचा कण केला तर तो निळा चमकतो, ६ नॅनोमीटरचा केला तर लाल. रसायन तेच, अणूंची मांडणी तीच, तरी रंग वेगळा. इलेक्ट्रॉन तरंगासारखा वागतो, आणि कणाच्या भिंतींमध्ये त्या तरंगाला कोंडून राहावे लागते. सतारीच्या पडद्यावर बोट दाबून तारेची लांबी कमी केली की स्वर चढतो, तसे इथे जागा आखडली की ऊर्जा चढते. फरक असा की तारेची लांबी निम्मी केली तर कंपने दुप्पट होतात. इथे कणाचा व्यास निम्मा केला तर कोंडमाऱ्याची ऊर्जा चौपट होते. शिवाय इलेक्ट्रॉन उडाल्यावर मागे धनभारित ‘छिद्र’ उरते. ते इलेक्ट्रॉनला ओढते आणि थोडी ऊर्जा परत घेते. ही ओढ मात्र व्यासाच्या व्यस्त प्रमाणात, वर्गाच्या नाही. म्हणून कण लहान होत जातो तसा कोंडमारा ओढीवर मात करतो आणि रंग निळ्याकडे सरकतो. १९८० च्या दशकात ब्रूस यांनी मांडलेले समीकरण एवढेच सांगते. येकिमोव यांनी हाच परिणाम त्याआधी काचेतल्या कॉपर क्लोराइडच्या स्फटिकांत पाहिला होता. १९९३ मध्ये बावेंडींच्या गटाने गरम द्रावणात रसायने झटकन टोचून जवळजवळ एकाच मापाचे कण काढायची रीत दिली, आणि रंग हवा तसा बेतता येऊ लागला.

पण शरीराला कुठला रंग चालतो? मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवून पाहा, लाल तेवढे पार होते. निळा आणि हिरवा प्रकाश रक्तातले हिमोग्लोबिन गिळून टाकते. कोविडच्या दिवसांत घरोघरी आलेला ऑक्सिमीटर ६६० आणि ९४० नॅनोमीटरचे लाल आणि अवरक्त दिवे वापरतो, तो याच कारणाने. खोलवरचे पाहायचे तर कणानेही साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटरवर चमकले पाहिजे.

२००४ मध्ये बावेंडी आणि बॉस्टनचे जॉन फ्रँजिओनी यांच्या गटांनी असे अवरक्त कण डुकरांना टोचले. कण वाहत जाऊन टोचलेल्या जागेकडून येणारा लसीकाद्रव (लिम्फ) ज्या लसीका ग्रंथीत (लिम्फ नोड) सर्वांत आधी पोहोचतो तिथे अडकले, आणि एक सेंटिमीटर खोलीवरची ती ग्रंथी कॅमेऱ्याला दिसली. स्तनाच्या कॅन्सरमध्ये गाठीकडचा द्रव जिथे आधी पोहोचतो ती अशीच ग्रंथी काढून तपासतात. त्या कणांचा व्यास, वरच्या वेष्टनासकट, १५ ते २० नॅनोमीटर होता.

अडचण इथेच सुरू होते. २००७ मध्ये याच मंडळींनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले की मूत्रपिंड साधारण ५.५ नॅनोमीटरपर्यंतचे कण झटपट गाळून लघवीत सोडते. हा व्यास वेष्टन आणि भोवतीचे पाणी धरून. त्याहून बरेच मोठे कण यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसतात. त्यात कॅडमियम असेल तर ते तिथे राहू देणे परवडणारे नाही. हा धातू माणसाच्या शरीरात दशकानुदशके मुक्काम ठोकतो. बरे, या प्रयोगात जे कण लघवीवाटे निघून गेले ते कुठल्या रंगाचे होते? हिरवे, ५५० नॅनोमीटरच्या अलीकडचे. म्हणजे हिमोग्लोबिन जिथे खादाड, नेमके तिथे चमकणारे. कॅडमियम सेलेनाइडचा जो कण बाहेर पडतो तो खोलवर दिसत नाही. डुकरांना टोचलेल्या कणांसारखे अवरक्तात चमकणारे मोठे कण बाहेर पडत नाहीत. इंडियम आर्सेनाइडसारखा पदार्थ लहान मापातही अवरक्त चमक देतो, पण कॅडमियमच्या जागी आर्सेनिक आले तर रुग्णाला काय सांगायचे?

यातून कॉर्नेल विद्यापीठातल्या उलरिच वीझनर यांनी जी वाट काढली तिच्यात क्वांटम काहीच नाही. त्यांनी रंग आणि माप यांची फारकत केली. रंगासाठी नेहमीचे रंगद्रव्य, मापासाठी त्याभोवती सिलिकाचे कवच, वर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची मऊ लव, म्हणजे रक्तातली प्रथिने चिकटत नाहीत. कवचात घट्ट बसलेल्या रेणूला हलायला वाव कमी, त्यामुळे ऊर्जा उष्णतेत वाया न जाता प्रकाश होते आणि कण सुट्या रंगद्रव्याहून तेजस्वी दिसतो. सहा-सात नॅनोमीटरचा हा ‘सी डॉट’. २०११ मध्ये एफडीएने त्याच्या मानवी चाचणीला परवानगी दिली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) पाच रुग्णांना तो दिला गेला, आणि बराचसा लघवीवाटे निघून गेला. निकाल २०१४ मध्ये छापून आले. पाच रुग्ण म्हणजे उपचार नव्हे, सुरक्षिततेची पहिली पायरी, हे बातम्या देणारे सोयीस्करपणे विसरतात.

आणि रक्तात सोडलेले कण गाठ ‘शोधून काढतात’ ही कल्पनाही जरा तपासून घ्यावी. क्वांटम डॉट पेशींपर्यंत नेणाऱ्या १९९८ च्या सुरुवातीच्या शोधनिबंधांपैकी एक वॉरन चॅन यांचा. टोरांटोच्या त्याच चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग चाळले. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोहोचणारा हिस्सा मध्यकाने ०.७ टक्के निघाला. उरलेले बरेचसे यकृताच्या वाट्याला जाते.

म्हणूनच मला लसीका ग्रंथी दाखवण्याचे काम जास्त आशेचे वाटते. तिथे कण रक्तात सोडावे लागत नाहीत. गाठीशेजारी टोचले की लसीकावाहिन्या त्यांना स्वतःच पुढे नेतात, मात्रा अगदी थोडी लागते आणि गाठ हुडकायचा प्रश्नच येत नाही. सी डॉट डोके आणि मानेच्या मेलानोमाच्या रुग्णांमध्ये नेमका याच कामासाठी अजमावला गेला आहे.