हत्ती दुसऱ्याकडे द्यायचा किंवा परगावी न्यायचा असेल तर: परवानगी, पात्रता आणि कागदपत्रे

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणीच्या जैन मठातली माधुरी हत्तीण दुसरीकडे हलवावी, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १६ जुलै २०२५ रोजी दिला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपाला नकार दिला आणि हत्तीण गुजरातमधल्या जामनगरच्या 'वनतारा' या प्राणी-पुनर्वसन केंद्रात गेली. कोल्हापूरकरांनी त्यावर केलेलं आंदोलन सगळ्यांना आठवत असेल. पण हत्ती हलवण्याची कायदेशीर वाट नेमकी कशी आहे, हे देवस्थानांच्या विश्वस्तांनाही अनेकदा ठाऊक नसतं. हत्ती पाळणाऱ्याला ती ठाऊक असायलाच हवी, कारण त्रास शेवटी त्या मुक्या जिवाला होतो.

मूळ कायदा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२. हत्ती त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत येतो. कलम ४३ नुसार हत्तीची विक्री करता येत नाही, आणि मोबदला घेऊन दुसऱ्या कुठल्याही मार्गाने तो देताही येत नाही. वर 'दानपत्र' लिहायचं आणि आतून पैसे घ्यायचे, हाही त्यातच मोडणारा गुन्हा. २०२२ च्या दुरुस्तीने धार्मिक किंवा अन्य कारणासाठी हत्ती देण्याची वा नेण्याची सोय ठेवली, आणि तिच्या अटी १४ मार्च २०२४ च्या 'बंदिस्त हत्ती (हस्तांतरण किंवा वाहतूक) नियमां'त आल्या. आज परवानगी मागायची ती याच नियमांखाली.

अर्ज कोण करू शकतो

ज्याच्या नावावर कलम ४२ खालचं वैध मालकी प्रमाणपत्र आहे, तोच. हे प्रमाणपत्र राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देतात, आणि देण्यापूर्वी हत्तीला ठेवायची, पोसायची पुरेशी सोय आहे का, हे त्यांना पाहावं लागतं. पिढ्यान्‌पिढ्या हत्ती दारात आहे, गावजेवणात त्याचा मान आहे, जुन्या वहीत त्याच्या खरेदीची नोंद आहे, यातल्या कशानेही प्रमाणपत्राची जागा भरून निघत नाही.

कारणही पटणारं लागतं. मालकाला हत्ती सांभाळणं आता जमत नाही, किंवा नव्या जागी त्याची निगा आहे त्यापेक्षा चांगली राहील, ही नियमांतली दोन मुख्य कारणं. परिस्थिती पाहून हत्तीच्या भल्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांना योग्य वाटलं, तरही परवानगी मिळू शकते. माझ्या मते या नियमांतला सगळ्यात चांगला भाग हाच, की इथे हत्तीची सोय आधी पाहिली जाते.

अर्ज कुठे, पुढे काय

हत्तीची नोंद ज्या भागात आहे तिथल्या उपवनसंरक्षकांकडे (वनखात्याच्या विभागीय अधिकाऱ्यांकडे) अर्ज द्यायचा. मालकी प्रमाणपत्र, हत्तीच्या कातडीखाली ओळखीसाठी बसवलेल्या मायक्रोचिपचा क्रमांक, पशुवैद्यकाचा ताजा दाखला, हत्ती घेणाऱ्याची आणि त्याच्या जागेची माहिती, माहुताचा तपशील आणि हत्तीचे चारही बाजूंनी काढलेले फोटो हाताशी ठेवा. उपवनसंरक्षक चौकशी करतात. आत्ताची आणि नवी, दोन्ही जागांची प्रत्यक्ष पाहणी झाल्याशिवाय हस्तांतरण होत नाही. मंजुरी किंवा नकार मुख्य वन्यजीव रक्षकांचा. हत्ती दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर तिथलं वनखातंही या प्रक्रियेत येतं. शिवाय हत्तीची जनुकीय (डीएनए) ओळख केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या इलेक्ट्रॉनिक प्रणालीत आधीच नोंदलेली असावी लागते, म्हणजे एका हत्तीच्या कागदावर दुसरा हत्ती फिरवता येत नाही.

आरोग्य तपासणी उरकून टाकायची गोष्ट समजू नका. पशुवैद्यकाला आधी पाय दाखवा. मुताने भिजलेल्या, ओल्या सिमेंटवर वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या हत्तीच्या तळव्यांना भेगा पडतात, त्यात खडे रुततात, नखं वाढून फाटतात आणि आत पू धरतो. बाहेरून हत्ती धडधाकट दिसतो, फक्त एक पाय सारखा उचलून धरतो. माधुरीच्या खटल्यातही पायांची अवस्था हा वादाचा मोठा मुद्दा होता. दुसरी भीती क्षयाची. हत्तीला तो माणसापासून होतो, आणि हत्तीपासून माणसालाही होऊ शकतो. त्यासाठी सोंडेत निर्जंतुक मिठाचं पाणी सोडून सोंड थोडा वेळ वर धरवतात, मग ते पाणी स्वच्छ पिशवीत उतरवून घेतात. असे नमुने वेगवेगळ्या दिवशी तीनदा घ्यायची पद्धत आहे, त्यामुळे यात्रा आठवड्यावर आली असताना डॉक्टरांकडे धावून उपयोग नाही.

नव्या जागेचंही तसंच. मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो, पाणी शंभर लिटरच्या वर, शिवाय डुंबायला जागा, मऊ जमीन, सावली आणि शक्यतो दुसऱ्या हत्तीची सोबत. गडचिरोलीतल्या कमलापूरच्या शासकीय हत्ती कॅम्पात हत्ती जंगलात चरायला जातात. ते पाहिलं की 'योग्य जागा' म्हणजे काय हे कळतं. पत्र्याच्या शेडचा नकाशा जोडून तेवढ्यावर भागत नाही.

प्रत्यक्ष प्रवास

माहूत आणि त्याचा मदतनीस सोबत हवेतच. रस्त्याने किंवा रेल्वेने प्रवास करण्याइतका हत्ती तंदुरुस्त आहे आणि संसर्गजन्य आजाराचं लक्षण नाही, असा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. तसा आजार होऊन गेला असेल तर विलगीकरणाची मुदत संपल्यावरच निघायचं. गाडीत चढवण्याआधी पोटभर चारा-पाणी, वाटेतही त्याची व्यवस्था. बिथरणाऱ्या हत्तीला गुंगीचं औषध द्यायचं ते पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच, माहुताच्या अंदाजाने नाही. हत्ती माजावर असेल तर माझं स्पष्ट सांगणं, तारीख पुढे ढकला.

मिरवणुकीपुरतं शेजारच्या राज्यात जाऊन परत येणं हीसुद्धा वाहतूकच. 'दोनच दिवसांचं काम आहे' म्हणून बिनपरवानगी निघालेला हत्ती सीमेवर अडला, तर गुन्हा मालकावर नोंदला जातो. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्यांना कलम ५१ मध्ये तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे.

हत्ती दुसऱ्या राज्यात पोचला की तीस दिवसांच्या आत तिथल्या मुख्य वन्यजीव रक्षकांना किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याला लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची. लसीकरण, आजार-उपचार, चारा, काम आणि ये-जा यांच्या वह्या केरळच्या नियमांत सक्तीच्या आहेत. आपल्याकडेही त्या ठेवा आणि हत्तीबरोबर नव्या माहुताच्या हाती द्या.