बिडाच्या शेगड्या आणि गुईजचा गोदँ

युरोप-अमेरिकेतल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, शेगड्यांना आजही गिऱ्हाईक आहे. अंगभर वेलबुट्टी, बाकदार पाय, दाराला अभ्रकाची खिडकी. खोली उबदार ठेवण्याचं हे साधन दिवाणखान्यात मिरवावं असंच घडवलेलं असे.

एवढी नक्षी परवडायची, याचं कारण ओतकामात आहे. लाकडाचा पॅटर्न कोरायचा, तो ओलसर वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि त्यात वितळलेलं बीड ओतायचं. कोल्हापूरच्या फाउंड्रीत हात काळे केलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. कोरणाऱ्याची मजुरी एकदाच द्यावी लागते. मग त्याच पॅटर्नवरून कितीही नग काढले तरी नक्षी सगळ्यांवर उमटते. त्यामुळे साध्या घरातली शेगडीही नक्षीदार असे. मला या शेगड्यांची खरी थोरवी इथेच वाटते.

त्याआधी थंड मुलखात घरं गरम व्हायची ती भिंतीतल्या उघड्या चुलाण्यावर. त्यातली बरीचशी ऊब धुरांड्यातून निघून जाई. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात वसलेल्या जर्मन कुटुंबांनी ओतीव पाट्यांच्या बंद शेगड्या वापरात आणल्या. त्या पाट्यांवर बायबलमधले प्रसंग उठावात असत. त्याच भागात बेंजामिन फ्रँकलिनने 1742 च्या सुमारास आपली शेगडी काढली. पेटंट देऊ केलं तेव्हा त्याने ते नाकारलं. तिच्यातून धूर नीट निघत नसे, ती पुढे इतरांनी सुधारली. तरी नाव फ्रँकलिनचंच राहिलं.

फ्रान्समध्ये हे काम ज्याने मोठ्या प्रमाणावर नेलं तो झाँ-बातिस्त आंद्रे गोदँ. जन्म 1817, बाप कुलपं करणारा. पोरवयातच तो कारखान्यात कामाला लागला आणि पुढे कारागिरांच्या रिवाजाप्रमाणे गावोगाव काम करत फ्रान्सभर फिरला. मजुरांचे हाल त्याने जवळून पाहिले होते. तेव्हाच्या शेगड्या बहुतेक लोखंडी पत्र्याच्या असत. पत्रा लवकर तापतो, तितकाच लवकर निवतो आणि जळून विरतो. गोदँने त्याऐवजी बीड वापरलं आणि 1840 मध्ये पेटंट घेतलं. बीड ऊब धरून ठेवतं, आग विझू लागल्यावरही खोलीला देत राहतं. 1846 मध्ये त्याने कारखाना उत्तर फ्रान्समधल्या गुईज गावी हलवला. बिडावर रंगीत एनॅमल चढवलेल्या त्याच्या शेगड्या खूप खपल्या.

आलेल्या पैशाचं त्याने जे केलं, त्यामुळे ही गोष्ट शेगडीपुरती राहत नाही. शार्ल फूरिए या समाजवादी विचारवंताचा त्याच्यावर प्रभाव होता. फूरिएच्या अनुयायांनी 1855 मध्ये टेक्सासात वसाहत काढली तेव्हा त्याने संपत्तीचा मोठा हिस्सा तिच्यात घातला आणि तो बुडाला. तरी 1859 मध्ये त्याने गुईजमध्येच कामगारांसाठी ‘फामिलिस्तेर’ बांधायला घेतलं: काचेच्या छपराखालच्या प्रशस्त चौकांभोवती घरं, मजल्यामजल्यावर पाणी, खेळती हवा, उजेड. जोडीला मुलामुलींची एकत्र शाळा, नाट्यगृह, धुण्याचं घर आणि तळ खालीवर करता येईल असा पोहण्याचा तलाव. 1880 मध्ये कारखाना आणि घरं सहकारी संस्थेच्या मालकीची करण्याची व्यवस्था झाली. नफ्याचा वाटा कामगारांना भागांच्या (शेअर्सच्या) रूपाने मिळू लागला. सभासदांत दर्जे होते, हक्क सगळ्यांचे सारखे नव्हते. तरी 1888 मध्ये गोदँ गेल्यावरही ही संस्था 1968 पर्यंत टिकली, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. आज तिथे संग्रहालय आहे.

अमेरिकेत ट्रॉय, ऑल्बनी आणि नंतर डेट्रॉइट ही शेगड्यांची मोठी केंद्रं होती. 1893 च्या शिकागो प्रदर्शनात डेट्रॉइटच्या कंपनीने सुमारे 25 फूट उंचीची शेगडी मांडली होती. ती मात्र ओक लाकडाची प्रतिकृती होती. 2011 मध्ये ती जळून गेली.

तेल, गॅस आणि घरभर फिरवलेल्या गरम पाण्याच्या नळांनी विसाव्या शतकात या शेगड्यांची जागा घेतली. आता त्या विकत घेणारे सांधे आणि तडे आधी तपासतात, कारण बीड ठिसूळ असतं. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तरी ते तडकतं. सांध्यातल्या फटी बुजवणारा मसाला गळून गेला असेल तर हवा आत शिरते आणि आग आवरत नाही. मसाला नव्याने भरता येतो, अभ्रकही बदलता येतं. धुराचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. युरोपीय संघात 2022 पासून नव्या शेगड्यांना धुराची कडक मर्यादा लागू आहे, आणि जुन्या घडणीच्या बहुतेक शेगड्या तिच्या जवळपासही येत नाहीत.